नस काढली, तरी दात दुखतो कसा?

समजा, तुम्ही आमगावच्या शाळेत नववीत शिकता. खालच्या जबड्यातील मागची दाढ तीन आठवडे ठणकत होती. आधी थंड पाणी प्यायले की कळ यायची. पुढे रात्री झोपेतूनही जाग येऊ लागली. शेवटी बाबांनी तुम्हाला गोंदियाला दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढला, इंजेक्शन दिले, तासभर दाढेत बारीक बारीक सुया फिरवल्या, वर कच्चे सिमेंट भरले आणि म्हणाले, ‘‘रूट कॅनाल झाले. आतली नस काढून टाकली आहे.’’ संध्याकाळच्या गाडीने तुम्ही परत निघालात. ओठ बधिर, गाल जड, पण मन एकदम हलके! घरी आलात, रात्री आठ वाजता भाताचा पहिला घास त्या बाजूने चावला आणि डोळ्यांत पाणी आले. दाढ पुन्हा दुखत होती.

आता घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, ‘‘नस आतच राहिली असेल, बाळा.’’ शेजारचे काका म्हणतात, ‘‘पैसे पाण्यात गेले. उपटूनच टाकायची होती.’’ कोणी तंबाखूची चिमूट पुढे करतो, कोणी मागच्या तापाच्या वेळची उरलेली गोळी शोधून आणतो. आणि तुमच्या मनात प्रश्न येतो की, नस काढली असेल तर मग दुखते तरी काय?

प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. त्याचे उत्तर एकदा समजले, की पुढच्या आठ दिवसांत काय खायचे, कोणती गोळी घ्यायची, काय अजिबात करायचे नाही आणि कोणत्या क्षणी पुन्हा गोंदियाची गाडी पकडायची, हे पाठ करावे लागत नाही. ते आपोआप सुचते. म्हणून आधी उत्तर शोधू; आणि त्यासाठी एक छोटासा प्रयोग करू.

डोक्यावरचा एक केस घ्या. तो स्वच्छ धुऊन मागच्या दाढांमध्ये आडवा धरा, डोळे मिटा आणि हळूच दात मिटा. केस आहे हे तुम्हाला तत्काळ कळेल. केसाची जाडी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, तरी दातांना ती कळते! आता बर्फाचा लहानसा खडा किंवा माठातल्या गार पाण्याचा घोट त्याच दाढेवर धरा. गारवाही कळेल. तुम्हाला वाटेल, दोन्ही गोष्टी दातालाच कळल्या. पण तसे नाही. हाच प्रयोग घरातल्या अशा मोठ्या माणसावर करून पाहा, की ज्यांचे रूट कॅनाल होऊन वर्ष-दोन वर्षे झाली आहेत. त्या दाढेला गारवा कळत नाही. केस मात्र पूर्वीसारखाच कळतो. याचा अर्थ उघड आहे. गारव्याची बातमी देणारा दाताच्या आत राहत होता, तो गेला. केसाची बातमी देणारा दाताच्या बाहेर राहतो, तो तिथेच आहे. रूट कॅनालनंतर दुखतो तो हा बाहेरचा.

बंद खोलीतील जीव

दात दिसायला दगडासारखा, पण आतून पोकळ असतो. बाहेर दंतवल्काचे म्हणजे एनॅमलचे कवच; आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत दंतिन, आणि सर्वांत आत एक लहानशी खोली व तिच्यातून मुळांच्या टोकापर्यंत गेलेल्या अरुंद नळ्या. या खोलीत आणि नळ्यांत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि दंतिन बनवणाऱ्या पेशीही असतात. आपण ज्याला ‘नस’ म्हणतो ती एकटी नस नसून हा सगळा गर होय. त्याचे आकारमान किती? एका दातातील गर पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी भरतो. एवढासा जीव, पण माणसाला रात्रभर उठवून बसवतो!

तो इतका का दुखतो, याचे कारण त्याच्या घरात आहे. तुमच्या बोटाला काटा लागला तर बोट सुजते. कातडी ताणते, सूज पसरायला जागा मिळते. दातातल्या गराला ही सोय नाही. चारही भिंती टणक. ये-जा करायला मुळाच्या टोकाशी एक छिद्र, तेही मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. कीड दंतिनमधून आत उतरली, जंतू गरापर्यंत पोचले, की गर सुजू पाहतो. पण सुजणार कुठे? आतला दाब वाढतो, मज्जातंतू चेपतात आणि रक्ताचा पुरवठाही अडखळतो. शेवटी गर मरतो. कधीकधी या वेळी दुखणे एकदम थांबते आणि घरचे म्हणतात, ‘‘बरे झाले, आपोआपच राहिले.’’ मुळीच राहिलेले नसते. मेलेल्या गरात जंतूंचे आयतेच फावते आणि ते मुळाच्या टोकाच्या छिद्रातून जबड्याच्या हाडाकडे निघतात.

जाता जाता एक सांगतो. तुमच्या वयाच्या मुलांत सर्वाधिक बिघडते ती सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवलेली दाढ. दुधाचे दात अजून पडायचे असतात तेव्हा ती त्यांच्या मागे गुपचूप येऊन बसते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडेल कधीतरी’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते.

दंतवैद्यांनी तासभर काय केले, ते आता समजेल. दाढेला वरून भोक पाडून त्यांनी आतला गर काढला. मग फाइल नावाच्या बारीक सुयांनी मुळांच्या नळ्या आतून घासल्या. यांतली 15 क्रमांकाची फाइल टोकाशी फक्त 0.15 मिलिमीटर जाड असते; क्रमांक वाढतो तशी जाडी वाढत जाते. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावाने नळ्या धुतल्या. विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा हा जवळचा भाऊ. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी त्याचा सौम्य द्राव तयार केला होता. आज तोच पदार्थ दाताच्या मुळात जंतू मारतो.

रिकाम्या झालेल्या नळ्या भरायच्या कशाने? इथे गोंदियाच्या वाचकांना एक ओळखीचा धागा सापडेल. नळ्यांत भरतात त्या पदार्थाचे नाव गटापर्चा. मलाया, सुमात्रा भागातील एका झाडाचा हा चीक. रबराच्या रेणूंतले घटक आणि याचे घटक एकच, मात्र त्यांची जोडणी निराळी; म्हणून रबर ताणते आणि गटापर्चा ताणत नाही, पण गरम केला की मऊ होतो. 1851 साली इंग्लंड-फ्रान्सदरम्यान समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली तिला याचेच वेष्टन होते. 1867 मध्ये बोमन या अमेरिकन दंतवैद्याने तो दाताच्या मुळात भरून पाहिला आणि तो तेथेच राहिला, कारण शरीर त्याच्यावर चिडत नाही. हे झाड ज्या कुळातले, त्याच सॅपोटेसी कुळातला आपला मोह! सालेकसा-देवरीच्या जंगलात ज्याची फुले उन्हाळ्यात पहाटे वेचतात, तोच. मोहाची डहाळी मोडली की जो पांढरा चीक येतो, तो या गटापर्च्याच्या चिकाचा नातलग आहे.

दुखते ते दाताभोवती

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचे एक पातळ अस्तर असते. जाडी सुमारे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. दात या धाग्यांच्या झोळीत टांगलेला असतो, म्हणा ना. या अस्तरात दाब ओळखणारे मज्जातंतू भरलेले असतात. केस कळला तो यांना.

रूट कॅनाल करताना फाइल मुळाच्या टोकाच्या छिद्रापर्यंत जाते. कितीही कौशल्याने काम केले तरी मेलेल्या गराचे काही कण आणि जंतूंचे काही अवशेष छिद्राबाहेर ढकलले जातात. शिवाय हा भाग बहुधा आधीच जंतूंनी चिडवलेला असतो. शरीर तिथे दुरुस्तीचे काम सुरू करते. रक्ताचा ओघ वाढतो, पांढऱ्या पेशी येतात, पाणी झिरपते. यालाच दाह म्हणतात. दाहामुळे दात आपल्या झोळीत केसभर वर उचलला जातो, म्हणून तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते आणि ‘उंच झाली’ असे वाटते. दुखऱ्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात आणि मज्जातंतूंना फार हळवे करून सोडतात. एरवी ज्याला नुसता स्पर्श म्हणाल, त्याचीच आता कळ होते. भाताच्या घासाने डोळ्यांत पाणी आले ते यामुळे.

म्हणजे आजीचा तर्क चुकला आणि शेजारच्या काकांचाही. हे दुखणे उपचार फसल्याची खूण नाही. बोटात मोडलेला काटा काढल्यावरही बोट दोन दिवस दुखतेच की!

हे दुखणे किती दिवस चालते, तेही मोजले गेले आहे. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून 2011 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की उपचाराआधी शंभरातील सुमारे 81 रुग्णांना दुखत होते. उपचारानंतर एका दिवसाने 40 जणांना आणि सात दिवसांनी फक्त 11 जणांना. दुखण्याची तीव्रता तर त्याहून झपाट्याने उतरली. पहिले एक-दोन दिवस सर्वांत त्रासाचे, मग रोज थोडा उतार, आठवड्याअखेर फक्त चावताना हुळहुळणे. हा उतार ध्यानात ठेवा. दुखते आहे की नाही यापेक्षा ते कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पहिली रात्र

आधी बधिरपणाचे पाहू. इंजेक्शनमध्ये असते ते बहुधा लिग्नोकेन. 1943 साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते प्रथम तयार केले. खालच्या जबड्यात दिलेल्या इंजेक्शनने ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो. या वेळात काही खाऊ नये. जीभ वा ओठ चावला गेला तरी कळत नाही आणि गरम चहाने तोंड भाजते. लहान मुले तर गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून येतो. गाडीत शेंगदाणे विकायला आले तरी नको म्हणा!

बधिरपणा उतरू लागतो त्याच वेळी दाह चढत असतो. म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल, तर पहिली गोळी असह्य कळ यायची वाट न पाहता, बधिरपणा पूर्ण उतरण्याआधीच घ्यायची असते. कशी काम करते ही गोळी? 1971 साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. या क्षेत्रातील कामाबद्दल 1982 चे नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघांसह मिळाले. आयबुप्रोफेन याच मार्गाने काम करते. ते शोधणाऱ्यांपैकी स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी एकदा स्वतःच्याच डोकेदुखीवर त्याचा प्रयोग केला होता! पॅरासिटामॉलचा रस्ता वेगळा. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करते. एक गोळी आग विझवते आणि दुसरी आगीची आरोळी मेंदूपर्यंत पोचू देत नाही, असे समजा. म्हणून दोन्हींची जोडी रूट कॅनालनंतर एकेकटीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

पण थांबा. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मुलांची मात्रा वजनावरून काढतात. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे तुमचे वजन 40 किलो असेल तर 400 ते 600 मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तास. सर्दीतापाच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, तेव्हा नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि ती यकृताला घातक ठरू शकते. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नये. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही वर्ज्य. रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालील मुलांना घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊच नये, त्यांच्यात ते क्वचित मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार घडवते. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात 2011 सालापासून बंदी आहे. आबाजींच्या गुडघ्यांसाठी आणलेली गोळी तुमच्या दाढेसाठी नाही.

झोपताना दोन उशा घ्या. आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका जाणवतो. गालावर बाहेरून गार पट्टी ठेवली तर बरे वाटते. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल चालेल, दहा-पंधरा मिनिटे ठेवायचा आणि काढायचा. शेकू मात्र नका. खायला भाताची पेज, मऊ खिचडी, वरण-भात, आणि तेही दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे धान पिकते ते अशा वेळी फार सोयीचे! फुटाणे, चिवडा, ऊस आठवडाभर विसरा. दाताची झोळी दुखावलेली आहे. पाय मुरगळल्यावर त्या पायावर उड्या मारतो का आपण? दात घासणे मात्र बंद करू नका. कोमट पाण्यात थोडे मीठ टाकून हळुवार चुळा भरल्या तर हिरड्यांना आराम पडतो.

आता घरगुती उपायांकडे वळू. लवंगेचे तेल खोटे नाही. त्यातील युजेनॉल खरोखर मज्जातंतू बधिर करते आणि दंतवैद्यांच्या सिमेंटांतही ते वापरले जात आले आहे. पण ते उपयोगी पडते किडलेल्या खड्ड्यातून आतल्या जिवंत गराला. तुमच्या दाढेत आता गरच नाही आणि दुखते ते मुळाच्या टोकाशी, हाडात. वरून लावलेले तेल तिथे पोचणार कसे? उलट जास्त लावले तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचाही प्रकार चालतो. तिथली त्वचा पांढरी पडून जळते. आणि तंबाखू, गुडाखू, खर्रा? निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. दुरुस्तीचे सामान रक्तातूनच येते, तेव्हा सामानाचा रस्ताच बंद केल्यासारखे झाले. आमच्या भागात ‘दात दुखतो म्हणून लावला’ असे सांगत अनेकांचा खर्रा सुरू होतो आणि दात राहिल्यावरही सुटत नाही.

उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळीचे काय? प्रतिजैविक वेदनाशामक नाही. ते जंतू मारते, प्रोस्टाग्लँडिन नव्हे. साध्या दुखण्यासाठी रूट कॅनालनंतर त्याची गरज नसते. सूज पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर ते देतात, आणि मग ते सांगितल्याप्रमाणे घ्यायचे.

ज्यांच्या रक्तात विळा आहे

इथे गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. सिकलसेल हे नाव तुम्ही शाळेतील तपासणीत ऐकले असेल. भारतात हा आजार प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि 1958 साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी तो मध्य भारतातही असल्याचे दाखवून दिले. या आजारात हिमोग्लोबिनच्या रेणूत एकाच ठिकाणी बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला की रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मोठ्या रक्तवाहिनीतून त्या कशाबशा जातात. बारीक वाहिनीत अडकतात. मग पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो आणि तीव्र वेदना होतात.

आता दाताच्या मुळाचे ते बारीक छिद्र आठवा. एवढ्या अरुंद दारातून आत जाणाऱ्या वाहिन्या विळ्यांनी तुंबल्या तर? दुसरा रस्ता नाही. म्हणून सिकलसेलच्या रुग्णांत कधीकधी मुळीच न किडलेला दातही ठणकतो आणि त्यातील गर मेल्याचेही दंतवैद्यांना आढळले आहे. दात चांगला दिसतो, मुलगा रडतो आणि घरचे म्हणतात ‘सोंग करतो’. उलट बाजूही आहे. जबड्याच्या हाडातच रक्त अडले तर दात दुखल्यासारखा भास होतो आणि निर्दोष दाताला हात लावला जातो.

म्हणून तुम्हाला किंवा भावंडाला सिकलसेल असेल, तर तपासणीचे कार्ड दंतवैद्यांना दाखवा. त्यांनी विचारले नाही तरी दाखवा. रूट कॅनालनंतरचे नियम तुमच्यासाठी थोडे निराळे आहेत. वर गार पट्टी सांगितली, ती तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नका, कारण गारठ्याने पेशी विळ्यासारख्या होण्यास मदत होते. दात दुखतो म्हणून पाणी पिणे टाळू नका. शरीर कोरडे पडले की रक्त घट्ट होते. आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, आणि या आजारात मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकते. शिवाय तोंडातला जंतुसंसर्ग अंगभर वेदनांचा झटका आणू शकतो, तेव्हा दाढेबरोबर हातपाय, पाठ किंवा छाती दुखू लागली तर तो दाताचा प्रश्न उरत नाही. लगेच रुग्णालय गाठावे. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांच्यात हा दोष फक्त एका पालकाकडून आला आहे, त्या वाहकांना मात्र दातांच्या उपचारात सहसा अडचण येत नाही. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी 1 जुलै 2023 रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली आहे. तपासणी अजून केली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

पुन्हा गोंदियाची गाडी कधी पकडायची?

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे उतरण्याऐवजी चढत असेल. तोंड मिटताना तीच दाढ सतत आधी टेकत असेल. कच्चे सिमेंट निघाले असेल. किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन पू येत असेल, तर दवाखान्यात जा. दाढ उंच लागते आहे एवढेच असेल तर सिमेंट किंचित घासले की काम होते. एका मिनिटाचे हे काम. पण ते न केल्याने लोक पंधरा-पंधरा दिवस दुखणे सोसतात.

गाल किंवा जबड्याखालचा भाग तासागणिक सुजत असेल, ताप चढत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, डोळा सुजून मिटू लागला असेल, तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. जबड्याखाली पसरणारी अशी सूज श्वासनलिका दाबू शकते. 1836 साली जर्मनीच्या लुडविग या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले. त्या काळी अशा रुग्णांतले फार थोडे वाचत. आज वेळेवर पोचलेला रुग्ण वाचतो. 108 क्रमांकाला फोन करा. गाव सालेकसाच्या जंगलकडेला असो की अर्जुनी मोरगावच्या टोकाला, या बाबतीत रात्र मोजू नका.

आता त्याहून सामान्य आणि म्हणूनच अधिक दात घालवणारी गोष्ट. आठ दिवसांनी दुखणे थांबते. धान कापणी सुरू असते, परीक्षा जवळ असते, गोंदियाला जायचे म्हणजे बाबांचा एक दिवस मोडतो. दुखत तर नाही, मग कशाला जायचे? पण दाढेवर आहे ते कच्चे सिमेंट. तीन-चार आठवड्यांपलीकडे त्याचा भरवसा नाही. ते झिजले, की लाळ आणि जंतू पुन्हा आत शिरतात, आणि गारवा सांगणारा पहारेकरी आता आत नाही, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिवाय कीड आणि उपचार मिळून दाढ आतून बरीच पोकळ झालेली असते; चावताना तिच्या भिंती फुटू शकतात. म्हणून पक्के सिमेंट आणि बहुतेक वेळा वरून कॅप बसवतात. कॅप नसल्यामुळे उभी चिरलेली दाढ वाचवणे फार अवघड असते. एकाच फेरीत पुढची तारीख घेऊन ठेवणे आणि ती कॅलेंडरवर लिहिणे, हा गोंदियाच्या दवाखान्यातून निघतानाच करायचा उद्योग आहे. कॅपचा खर्च जास्त वाटला तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. धातूची साधी कॅप चिनी मातीच्या कॅपहून स्वस्त पडते. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि गोंदियाहून नागपूरला गाड्याही भरपूर आहेत.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतील. तेव्हा पहिला आणि नवा असे दोन्ही एक्स-रे शेजारी धरून दाखवा म्हणा. पहिल्यात मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसत असेल, तर जंतूंनी खाल्लेले हाड ते. नव्या एक्स-रेत तो आकसलेला, कडांनी पांढरा होत चाललेला दिसेल. कधी वर्षात भरतो, कधी तीन-चार वर्षे लागतात. मध्ये गटापर्च्याची पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत सरळ गेलेली असेल, आणि तिच्याभोवती तुमचे नवे हाड.